एवढ्याशा बोटासाठी दवाखाना?

हाताच्या दुखण्यांवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात छापलं तेव्हा दहा-बारा पत्रं येतील असा संपादकांचा अंदाज होता. आली ती पिशवीभर. माझ्या दवाखान्यात टेबलावर ओतली आणि पहिल्यांदा लक्षात आलं ते असं, की निम्म्याहून जास्त पत्रं दुसऱ्याच्या अक्षरातली आहेत. ज्याचा हात दुखतो त्याला पेन कुठलं धरवतंय! मुलीनं, नातवानं, शेजारच्या गुरुजींनी लिहून दिलेली पत्रं. जागेपुरती सहा निवडली, थोडी छाटली, नावं कुणाचीच ठेवली नाहीत. मी हाताचा सर्जन आहे, सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, तिथंच दवाखाना आहे. पण पत्रावरून हात दिसत नाही, म्हणून माझं उत्तर वाचून कुणी आपल्या डॉक्टरकडे जायचं टाळू नये.

प्रश्न : माझी आई ४९ वर्षांची आहे. लग्नाआधीपासून विड्या वळते. वर्षभर झालं, रात्री दोन-तीनला उठून बसते, हात झटकते, "बधिर व्हायलंय गं" म्हणते. आता पान कापताना कात्री हातातून सुटायली आहे. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिला, दुसऱ्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी मनगटाचं ऑपरेशन सांगितलंय. शेजारच्या बायका म्हणतात, शीर कापतात आणि हात लुळा पडतो. काय करावं?
(एक मुलगी, विडी घरकुल, कुंभारी)

उत्तर : ताई, आज आईला एवढंच विचारा: करंगळीला मुंग्या येतात का? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अंगठीच्या बोटाची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू बधिर होत असेल, करंगळी मात्र साफ असेल, रात्री त्रास वाढत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष मानेचा नसतो, मनगटाचा असतो. याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात तळहाताच्या बाजूला एक बोगदा आहे. खाली हाडांची कमान, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस जाते. मागावर ताणा फणीतून जातो तशी सगळी दाटी. दोऱ्यांवरचं अस्तर सुजलं की जागा कमी पडते आणि चिमटा बसतो तो नसेला, कारण त्या गर्दीत सगळ्यात मऊ तीच.

हे फक्त विडीनं होतं असं नाही. थायरॉइड कमी असलं, साखर असली, गरोदरपण असलं तरी होतं, पाळी जायच्या वयात जास्त दिसतं. म्हणून थायरॉइडची आणि साखरेची तपासणी आधी करून घ्या. पण मनगट वाकवून दिवसभर चिमटीनं पान गुंडाळायचं, टोकं दुमडायची, दोरा बांधायचा, याची भर त्यात पडतेच.

उपचार किती पुढं गेलंय यावर ठरतात. नुसत्या रात्रीच्या मुंग्या असतील तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री झोपताना बांधायची, सलग सहा आठवडे. दिवसा बांधून विड्या वळायच्या नाहीत, त्यानं मनगटाचा ताण कोपरावर जातो. माझ्या पाहण्यात या साध्या पट्टीनं बऱ्याच बायकांची झोप परत आलेली आहे. पट्टीनं भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याचा आराम काही महिने टिकतो, पुष्कळांना नंतर त्रास परत सुरू होतो.

तुमच्या आईच्या हातून कात्री सुटतेय, याचा अर्थ पाणी पुढं गेलंय. तिचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बघा. एका बाजूला तो चपटा झालेला दिसला तर पट्टी आणि इंजेक्शनात महिने घालवू नका. नसांची विद्युत तपासणी (एनसीव्ही) करून घ्या आणि ऑपरेशनला हो म्हणा. त्यात नस कापत नाहीत. नसेवरचा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. फक्त तळहात बधिर करून होतं, पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या बहुधा पहिल्या काही दिवसांतच थांबतात. बधिरपणा जायला महिने लागतात. टाक्याच्या दोन्ही बाजूंना तळहात दाबला की दोन-तीन महिने दुखतो, त्याला घाबरू नका. जोर लावायचं काम साधारण महिना-दीड महिन्यानं. शेजारणींनी जे लुळे हात पाहिलेत ते बहुतेक फार उशिरा ऑपरेशन झालेले असणार, नस आधीच वाळून गेलेले.

हे इतकं ठासून लिहितोय त्याला कारण आहे. माझी आईही विड्या वळायची. रात्री बाजेवरून हात खाली लोंबकळत सोडायची, मधेच उठून झटकायची. आमच्या घरी तेलुगूत याला 'तिम्मिरि' म्हणत, आणि तिम्मिरि म्हणजे काही आजार असतो असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी मेडिकलला गेल्यावर पुस्तकातलं चित्र पाहिलं, सुट्टीत घरी आलो, तिचा हात हातात घेतला. उंचवट्याच्या जागी खळगा होता. ऑपरेशन झालं, ती रात्रभर झोपायला लागली, पण अंगठ्याचं ते मांस शेवटपर्यंत भरून आलं नाही. सुईत दोरा मीच ओवून द्यायचो.

जाता जाता: दुखणं बोटांत नसून अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या कडेला असेल, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला झुकवलं की कळ येत असेल, तर तो वेगळा आजार. तान्ह्या बाळाला उचलणाऱ्या आयांनाही तो होतो. त्याला अंगठ्यासकट मनगटाची पट्टी आणि बऱ्याचदा एकच इंजेक्शन पुरतं.

प्रश्न : माझा पुतण्या २२ वर्षांचा. दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला आहे. कडबा कुट्टीत उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाचं टोक गेलं. आम्ही तर्जनी बर्फाच्या डब्यात टाकून घेऊन गेलो. दोन दवाखान्यांतून पुढं पाठवलं, तिसऱ्यात पोचलो तेव्हा पाच तास झाले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, बोट बर्फानं खराब झालंय, जोडता येत नाही. आमचं काय चुकलं? पायाचं बोट काढून हाताला लावतात म्हणे, ते करावं का? थुंटाला नुसता सदरा लागला तरी तो ओरडतो.
(एक शेतकरी, माढा तालुका)

उत्तर : मालक, हे उत्तर तुमचा पुतण्याही वाचणार, म्हणून आधी त्याच्यासाठी लिहितो. कडबा कुट्टीचे दात्यांचे रोलर आधी हात आत ओढतात, चेंगरतात, आणि मग पातं कापतं. असं चेंगरून तुटलेलं बोट अगदी नियमानं आणलं असतं तरी जोडता आलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. बोटातल्या रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटरच्या, त्या दुर्बिणीखाली केसापेक्षा बारीक दोऱ्यानं शिवायच्या असतात. आतून पिचलेली वाहिनी शिवून उपयोग नसतो. तेव्हा काकांनी बोट घालवलं, हा विचार डोक्यातून काढून टाक.

आता बाकीच्यांसाठी, कारण कुट्टी आणि रसवंतीचा चरक प्रत्येक गावात आहे.

तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नसतं. बर्फ पेशी गोठवतो आणि गोठलेलं मांस परत जिवंत होत नाही. बोट स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं हलकं धुवायचं, घासायचं नाही. सलाइन नाहीतर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये, गॉज नसेल तर धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळायचं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. दूध तापू नये म्हणून किटली पाण्यात ठेवतात तसं. पाणी पिशवीत जाता कामा नये. बोट असं थंड ठेवलं तर १२ तास, कधी त्याहून जास्तही टिकतं, कारण बोटात स्नायू नसतो. मनगटाच्या वरून तुटलेल्या हाताला मात्र साधारण ६ तासांच्या आत रक्त मिळालं पाहिजे. तुमचे पाच तास म्हणजे बोटासाठी फार नव्हते.

हातावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचला. हळद, चुना, कॉफी, तंबाखू काहीही भरू नका. सुतळी किंवा तार आवळू नका. बोट कातडीच्या एका पापुद्र्यावर लोंबत असेल तर तो तोडू नका, त्यातूनच कधी कधी रक्त परत येतं. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते. आणि निघायच्या आधी फोन करा. तुमचे तास रस्त्यात गेले नाहीत, 'इथं होत नाही, पुढं जा' ऐकण्यात गेले. रक्तवाहिन्या जोडणारा सर्जन आज हजर आहे का, एवढा एकच प्रश्न फोनवर विचारायचा. पुण्याला जावं लागलं तर सोलापूरहून अडीचशे किलोमीटर आहे, पण बोट नीट ठेवलेलं असेल तर तेवढा वेळ हाताशी असतो.

जोडणी नवी गोष्ट नाही. जपानमध्ये १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा जोडला गेला, त्याला साठ वर्षं झाली. तरी प्रत्येक बोट जोडायचं नसतं. अंगठा असेल, एकाहून जास्त बोटं असतील, लहान मूल असेल, तर शेवटपर्यंत प्रयत्न करायचा. प्रौढ माणसाची एकटी तर्जनी मुळापासून जोडली तर ती पुष्कळदा ताठ काठीसारखी राहते आणि कामात आडवी येते. हे ऐकायला कठोर वाटतं, पण मी जोडलेलं बोट दोन वर्षांनी स्वतःहून काढून मागणारे कामगार पाहिलेत.

पायाच्या बोटाचं विचारलंत. अंगठा गेला असता तर मीच तुमच्या मागं लागलो असतो. अंगठ्याशिवाय हात म्हणजे नुसता आकडा, आणि पायाचं बोट तिथं उत्तम काम देतं. इथं अंगठा शाबूत आहे. मधलं बोट थोड्या महिन्यांत तर्जनीचं काम आपणहून उचलतं, बटण लावणं, मोबाइल, सही, सगळं. पुढं राहिलेला खुंट चिमटीच्या आड येतोय असं वाटलं तर तळहातातलं ते हाड काढून मधलं बोट अंगठ्याच्या शेजारी आणता येतं. हात दिसायला छान होतो, पण तळहात अरुंद होऊन पकडीचा जोर कमी होतो. पोरगा फावडं-कुदळ धरणारा असेल तर मी घाई करणार नाही. चारचौघांत संकोच वाटत असेल तर सिलिकॉनचं बोट मिळतं, ते लग्नकार्यापुरतं, कामासाठी नाही.

थुंट दुखतं ते तुटलेल्या नसेच्या टोकाला येणाऱ्या गाठीमुळं आणि नव्या कातडीच्या हळवेपणामुळं. थुंट फडक्यात लपवून ठेवलं की हळवेपणा वाढतो. जखम पूर्ण भरली असेल तर आजपासून हे करा. कापसाच्या बोळ्यानं थुंटावरून पाच मिनिटं फिरवायचं, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्यानं मऊ धोतराचा तुकडा. मग आपला सोलापुरी टॉवेल, त्याच्या उभ्या फासांनी. शेवटी पातेल्यात ज्वारी घेऊन त्यात हात घालायचा, मूठ उघडायची, मिटायची. माझ्या दवाखान्यात कोपऱ्यात मालदांडी ज्वारीचा एक डबा याच कामासाठी ठेवलेला आहे. पहिल्या दिवशी पेशंट रडतो, महिन्याभरानं गप्पा मारत हात घालून बसतो. तीन महिन्यांनीही एकाच ठिकाणी विजेसारखा झटका येत राहिला तर ती गाठ काढून नसेचं टोक आत स्नायूत दडवता येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. पुतण्या दुसऱ्याकडे मजुरीवर होता आणि यंत्र विजेवर चालणारं होतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय) परिशिष्टात बोटांचा हिशेब लिहिलेला होता. पूर्ण तर्जनीला कमाईच्या क्षमतेतली १४ टक्के घट, अंगठ्याला ३०, एका हाताच्या चारही बोटांना ५०. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. दवाखान्याची सगळी कागदं, एक्स-रेसकट, एका पिशवीत जपून ठेवा आणि कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो, वय ६६, साखर १२ वर्षांपासून आहे. उजव्या हाताचं अंगठीचं बोट सकाळी वाकलेलंच राहतं. डाव्या हातानं सरळ केलं की 'टक्' असा आवाज होतो आणि कळ जाते डोक्यात. मालिशवाला ओढून सरळ करतो. इंजेक्शन घेऊ की ऑपरेशन?
(होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : काका, मालिशवाल्याला आधी थांबवा. पायजम्याच्या नाडीला गाठ पडली की ती नेफ्यातून सरकत नाही, जोर लावला की फटकन निघते. तुमच्या बोटात अगदी तेच झालंय. बोट वाकवणारी दोरी तळहातात बोटाच्या मुळाशी एका कडीतून जाते, दोरी जाड झालीय, कडी आवळलीय. ओढून गाठ जात नाही, सूज वाढते. साखर असणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो, एकामागून एक तीन-चार बोटांतही होतो.

साखर नसलेल्या माणसाला मी इंजेक्शननं सुरुवात करतो, पुष्कळांचं एकात भागतं. मधुमेहात ते कमी लागू पडतं, वर चार-पाच दिवस साखर चढते. तुमची साखर आटोक्यात असेल तर एकदा करून बघायला हरकत नाही, त्या आठवड्यात रोज तपासा, चढली तर तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना कळवा. दुसऱ्यांदा त्रास आला तर मी तिसरं-चौथं इंजेक्शन देत बसत नाही. ऑपरेशन इतकं छोटं आहे, की ते पुढं ढकलण्यात शहाणपण नाही. तळहातात सेंटिमीटरभर छेद, तेवढीच जागा बधिर, कडी उघडायची. टेबलावरच तुम्हाला बोट हलवायला सांगतात आणि 'टक्' गेलेलं तुम्ही स्वतः बघता. त्याच संध्याकाळी चहाचा कप धरायचा. बोट हलतं ठेवायचं, हात गळ्यात अडकवून बसायचं नाही.

तीस-पस्तीस वर्षं तिकिटाचा चिमटा दाबल्यामुळं झालं का, असंही तुम्ही पत्राच्या मागं लिहिलंय. माझा अंदाज विचाराल तर चिमट्यापेक्षा साखरेचा वाटा मोठा. तिकिटाच्या मशीन येऊन बरीच वर्षं झाली, काका!

प्रश्न : संक्रांतीच्या सुमारास गाडीवरून जाताना नायलॉन मांजा गळ्याशी आला, मी डाव्या हातानं धरला, तर्जनी कापली. जवळच्या दवाखान्यात तीन टाके पडले. जखम दहा दिवसांत भरली. पण बोटाचं शेवटचं पेर वाकत नाही, एक कड बधिर आहे. मला वाटलं सूज आहे, उतरेल. अडीच महिने झाले. आता एक डॉक्टर म्हणतात शीर तुटलीय, दोन ऑपरेशनं लागतील.
(वय २४, सोलापूर)

उत्तर : आपल्याकडे 'शीर तुटली' या दोन शब्दांनी फार घोळ घातलाय. रक्ताची वाहिनी तीही शीर, संवेदनेची नस तीही शीर, आणि बोट वाकवणारी पांढरी दोरी तीही शीर. रक्त थांबलं की लोकांना वाटतं शीर बरी झाली. तुझ्या बोटात बहुधा दोरी आणि नस दोन्ही तुटल्यात, आणि ते टाके घालायच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं: बाकीची बोटं सरळ धरून एकेक पेर वाकवायला सांगायचं, आणि बोटाच्या दोन्ही कडांना कापूस लावून विचारायचं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली बंदी घातली, तरी दर जानेवारीत असे हात येतातच, आणि त्यातले निम्मे वरून शिवलेले.

दोरी तुटल्यापासून आठ-दहा दिवसांत शिवली तर सरळ टोकाला टोक जुळतं. त्यानंतर टोक तळहातात मागं सरकतं, बोगदा आतून मिटतो, आणि महिना उलटल्यावर साधी शिवण बहुधा होत नाही. म्हणून तुला दोन ऑपरेशनं सांगितली असणार. पहिल्यात बोगद्यात सिलिकॉनची कांडी ठेवतात, तीन महिन्यांत तिच्याभोवती नवं गुळगुळीत अस्तर तयार होतं. दुसऱ्यात कांडी काढून मनगटातली एक जादा दोरी तिथं ओवतात. ती तुझ्याकडे आहे का बघ: अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकव, मनगटाच्या मधोमध तार उभी राहते ती. काही लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणूनच ती आम्ही उसनी घेतो.

पण माझं मत विचारशील तर थांब. तू फक्त शेवटचं पेर म्हणतोयस. मधला सांधा पूर्ण वाकत असेल, तर वाकवणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी एक शाबूत आहे. अशा वेळी नवी दोरी ओवायच्या नादात चांगली चाललेली दोरीही चिकटून बसायचा धोका असतो. बऱ्याच जणांना मी सांगतो, आहे तसं राहू द्या. टोक मागं कलंडत असेल आणि चिमटीत जोर लागत नसेल तर तो शेवटचा सांधा किंचित वाकवून कायमचा पक्का करता येतो, एकच ऑपरेशन. तू काय काम करतोस ते पत्रात नाही. तबला वाजवणारा असशील तर सल्ला वेगळा आणि काउंटरवर बसणारा असशील तर वेगळा. नसेचं मात्र लवकर दाखव. तर्जनीची कुठली कड बधिर आहे हे महत्त्वाचं, अंगठ्याकडची असेल तर चिमटीत वस्तू कळत नाही. नस शिवल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या चालीनं वाढते, तेव्हा महिन्यांची तयारी ठेव.

आणि ज्यांची दोरी वेळेवर शिवली जाते त्यांच्यासाठी: शिवण पहिले सहा आठवडे कच्ची असते, पुरती पक्की व्हायला बारा. या काळात पट्टी काढून 'बघू जरा जोर येतोय का' म्हणून पाण्याची बादली उचलणारे दर वर्षी एक-दोन भेटतात. दोरी तुटल्याचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येतो.

प्रश्न : गादीखाली चादर खोचताना मधल्या बोटाला झटका बसला. दुखलं फारसं नाही, पण बोटाचं टोक खाली लोंबतंय, आपणहून वर होत नाही. तीन आठवडे झाले. यजमान म्हणतात, एवढ्याशा बोटासाठी दवाखाना कशाला.
(एक गृहिणी, बार्शी)

उत्तर : आपली चादर जड, ती खोचताना होतंच हे! टोक उचलणारी पातळ दोरी हाडावरून सुटलीय. एकदा एक्स-रे काढून हाडाचा तुकडा निघालेला नाही ना बघा. नसेल तर ऑपरेशन नको. टोकाचा सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टी, चोवीस तास, पूर्ण आठ आठवडे, मग महिनाभर फक्त रात्री. तीन आठवड्यांचा उशीर चालतो. अट एकच: या आठ आठवड्यांत तो सांधा एकदाही वाकता कामा नये. पट्टी धुवायला काढायची तर बोट ओट्याच्या कडेवर सपाट टेकवून दुसऱ्या हातानं काढायची, पुसायची, तशीच परत घालायची. चुकून वाकला तर आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. कणीक यजमानांना मळू द्या.

प्रश्न : अंगठ्याला नखुरडं झालंय, चार दिवस लिंबू खोचून ठेवलं. आता बोट सगळं सुजलंय, सरळ केलं की जीव जातो, ठणक्यानं झोप नाही. मला साखर आहे.
(अक्कलकोट)

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबवण्यासारखं नव्हतं. पाकिटावर नंबर होता, संपादकांनी फोन करून त्या मावशींना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. नखाच्या कडेला नुसती लाली असते तोवर कोमट पाण्यात बोट बुडवून भागतं. पू धरला की तो काढावाच लागतो. पण बोट सबंध सुजणं, अर्धवट वाकलेलं राहणं, तळव्याच्या बाजूनं दोरीच्या वाटेवर दाबलं की दुखणं आणि दुसऱ्यानं सरळ केलं की असह्य कळ येणं, ही चार लक्षणं म्हणजे पू दोरीच्या बोगद्यात उतरलाय, आणि ते काही तासांचं काम असतं, उद्यावर टाकायचं नाही. लिंबानं कातडी पांढरी होऊन भिजते आणि आतला पू दिसेनासा होतो, एवढंच होतं. मावशींच्या बोटाला दोन ठिकाणी छेद द्यावे लागले, आठ दिवस सलाइनमधून औषधं चालली. बोट वाचलंय, अजून पुरतं मिटत नाही. ज्वारीच्या डब्यात हात घालायला त्या दर मंगळवारी येतात.